मोटारीची बॅग आणि उपनगराचे जिने

विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर स्वतःच्या बॅगेवर बसून सुळकन निघून जाणारा प्रवासी आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिला आहे. बॅगेच्या चाकात मोटार, पोटात बॅटरी, आणि ओढायच्या दांड्यालाच स्कूटरसारखे हँडल. याच कुळातली दुसरी बॅग मालकाच्या मागोमाग आपली आपण चालत येते. तिसरी चालत नाही, पण मोबाइल चार्ज करते, आपला ठावठिकाणा कळवते, आपले वजन सांगते. या तिन्हींना बाजारात ‘स्मार्ट’ म्हणतात आणि तिन्ही सतत फिरतीवर असणाऱ्यांसाठी म्हणून विकल्या जातात. अशी माणसे आपल्या उपनगरांत भरपूर आहेत. मरोळ आणि सीप्झमधल्या कंपन्यांच्या कामासाठी महिन्यातून दोनदा बंगळूर-हैदराबाद करणारे, अंधेरीत राहणारे विमान कंपन्यांचे कर्मचारी, बोरिवलीहून सुरत-अहमदाबादला जाणारे व्यापारी, मुलांकडे अमेरिकेला निघालेले मुलुंड-घाटकोपरचे आईवडील. त्यांनी ही बॅग घ्यावी का, हा या लेखाचा प्रश्न. माझे उत्तर आजच्या घडीला ‘नाही’ असे आहे. मात्र त्या ‘नाही’ची कारणे तपासताना आपल्या विमानतळाबद्दल, रेल्वेच्या पुलांबद्दल आणि पदपथांबद्दल बरेच काही हाती लागते.

आधी चाकाची गोष्ट. माणूस चंद्रावर उतरला तेव्हा त्याच्या घरच्या बॅगेला चाके नव्हती, हे वाचून आजही आश्चर्य वाटते. अमेरिकेतल्या एका बॅग कंपनीचे अधिकारी बर्नार्ड सॅडो १९७० मध्ये अरुबा बेटावरून सुट्टी संपवून परतत होते. दोन्ही हातांत जड बॅगा. तेवढ्यात त्यांना एक कामगार चाकांच्या फळीवरून अवजड यंत्र सहज ढकलत नेताना दिसला. परतल्यावर त्यांनी बॅगेला चार चाके आणि ओढायला पट्टा लावला. मोठ्या दुकानांनी आधी नकार दिला, मग मेसीज या दुकानाने माल घेतला, आणि १९७२ मध्ये पेटंट मिळाले. ती बॅग आडवी ओढायची असल्याने सारखी कलंडायची. १९८७ मध्ये नॉर्थवेस्ट एअरलाइन्सचे वैमानिक रॉबर्ट प्लाथ यांनी बॅग उभी केली, खाली दोन चाके लावली आणि वर आत-बाहेर होणारा दांडा दिला. आज आपण ओढतो ती बॅग ही त्यांचीच. सुरुवातीला त्यांनी ती विमानातल्या सहकाऱ्यांसाठी बनवली होती. प्रवाशांनी विमानतळावर ती पाहिली आणि मागणी सुरू झाली.

सॅडो आणि प्लाथ या दोघांनीही भर घातली ती गरजेपुरती. चाकांचे वजन थोडे, दुरुस्ती सोपी आणि नियमाची अडचण कसलीच नाही. मोटारीची गोष्ट इथेच वेगळी होते.

मोटार बसवण्याचे प्रयत्न बरेच जुने आहेत. २०१४ मध्ये चीनच्या चांगशा शहरात ‘हे लियांगत्साई’ नावाच्या शेतकऱ्याने स्वतः बनवलेल्या मोटारीच्या बॅगेवर बसून शहरभर फेरी मारली, तेव्हा जगभरच्या वृत्तसंस्थांनी त्याची बातमी केली. त्यासाठी त्याने दहा वर्षे खटपट केली होती. २०१६ मध्ये शिकागोच्या ‘मोडोबॅग’ने लोकवर्गणीतून पैसे उभे केले. किंमत सुमारे दीड हजार डॉलर, वेग ताशी १३ किलोमीटरच्या घरात. पुढे चीनच्या ‘एअरव्हील’ने लहान, तुलनेने स्वस्त बॅगा काढल्या आणि आज चित्रफितींत दिसतात त्या बहुधा त्यांच्याच किंवा त्यांच्या नकला असतात. मागोमाग येणाऱ्या बॅगांत ‘कोवारोबॉट’ आणि ‘फॉरवर्डएक्स’ या चिनी कंपन्यांची नावे पुढे आली. फॉरवर्डएक्सची बॅग कॅमेऱ्याने मालकाला ओळखते आणि वाटेतले अडथळे टाळते. आपल्याकडे ‘अरिस्टा व्हॉल्ट’ या दिल्लीच्या कंपनीने मागे येणारी बॅग आणली आणि ‘शार्क टँक इंडिया’तून ती घराघरांत दिसली.

तंत्र म्हणून हे सारे कौतुकास्पद आहे. मुठीएवढ्या चाकात मोटार बसवणे, ब्रेक देणे, शंभर किलोच्या माणसाचा भार पेलणे सोपे नाही. पण थोडे गणित करून पाहू. चार चांगल्या चाकांवरची २० किलोची बॅग टर्मिनलच्या सपाट फरशीवर ढकलायला अर्धा ते एक किलो वजन उचलण्याइतकाच जोर लागतो. करंगळीनेही ती हलते. म्हणजे ज्या फरशीवर मोटार उत्तम चालते, तिथे सामानासाठी मोटारीची गरज जवळपास नसतेच. आता पाच सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे साधारण नेहमीच्या बॅगेचे चाक घ्या आणि त्याच्यासमोर एक सेंटिमीटर उंचीची कड ठेवा. पदपथावर उखडलेला पेव्हर ब्लॉक याहून सहज जास्त वर आलेला असतो. ती कड चढायला चाकावर जेवढा भार आहे त्याच्या सव्वापटीहून जास्त जोराने आडवे ओढावे लागते. तेवढा जोर एका छोट्या मोटारीतून मिळत नाही. चाक एक तर जागीच घसरते किंवा अडते. चाकाचा व्यास दहा सेंटिमीटर केला, तर तीच कड भाराच्या पाऊणपट जोरात पार होते. थोडक्यात, वाईट रस्त्यावरचे उत्तर मोठ्या चाकात आहे, मोटारीत नाही. बॅग बनवणारे मोठे चाक देत नाहीत, कारण चाक मोठे झाले की सामानाची जागा कमी होते आणि विमानातल्या कप्प्याची मापे ओलांडली जातात.

आता हेच गणित आपल्या वाटेवर ठेवून पाहू. मुलुंडहून सहारच्या टर्मिनल २ ला सार्वजनिक वाहनाने निघालेला माणूस आधी स्थानकाचा पूल चढतो. रुळांवरच्या विजेच्या तारांवरून जायचे असल्याने हे पूल किमान सहा मीटर उंच असतात, दोन मजले म्हणा. मग लोकल, घाटकोपर, पुन्हा पूल, आणि मग मेट्रो १. वर्सोवा ते घाटकोपर हा ११.४ किलोमीटरचा मार्ग ८ जून २०१४ ला सुरू झाला आणि पूर्व-पश्चिम उपनगरांमधला सामान घेऊन करायचा प्रवास पहिल्यांदा माणसाच्या आवाक्यात आला, असे मला मनापासून वाटते. मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो ३ धरता येते. आरे ते बीकेसी हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. टर्मिनल १ आणि टर्मिनल २ या दोन्हींच्या नावाची स्थानके तिच्यावर आहेत. बोरिवलीचा प्रवासी मेट्रो ७ ने गुंदवलीला येतो, तिथून चालत वेस्टर्न एक्सप्रेस हायवे स्थानक, मग मरोळ नाका, मग टर्मिनल. मेट्रोच्या साऱ्या स्थानकांत उद्वाहक आणि सरकते जिने आहेत, फलाट आणि डबा जवळपास एका पातळीत आहेत. अडते ते मेट्रोच्या आधी आणि नंतर.

पातळीचा हा प्रश्न बारीकसारीक नाही. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल आणि फलाट यांच्यातल्या पोकळीत पडून एका विद्यार्थिनीने दोन्ही हात गमावले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातले आणि उपनगरी फलाटांची उंची ९२० मिलिमीटरपर्यंत वाढवण्याचे काम जोरात सुरू झाले. फलाट वर आल्याने लाखो लोकांचे जीव सुरक्षित झाले आणि त्याच कामाने चाकाच्या बॅगेचीही वाट सोपी केली. सामानाच्या प्रवासात सर्वांत मोठी सुधारणा झाली ती अशा काँक्रीटमधून. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये बॅग घेऊन चढणे मात्र आजही कठीणच, आणि तिथे नऊ किलोची बॅग उचलून धरायची की तीन किलोची, हा फरक खांद्याला चांगला कळतो.

तो वजनाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंडिगो काय किंवा एअर इंडिया काय, देशांतर्गत इकॉनॉमी वर्गात हातातल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा आहे, आणि नागरी विमान सुरक्षा विभागाच्या नियमाने हातात बॅगही एकच. बसून चालवता येणारी बॅग रिकामी असतानाच साधारण आठ-नऊ किलो भरते. म्हणजे त्यात एक सदराही न ठेवता मर्यादा संपली. उलट, चांगली पॉलिप्रोपिलीनची केबिन बॅग सव्वादोन ते तीन किलोची असते आणि चार किलो सामानाला जागा उरते. दोन दिवसांच्या कामाला तेवढे पुरते. मोटारीची बॅग सामानात टाकायची म्हटली तर देशांतर्गत प्रवासात बहुधा १५ किलो मिळतात. त्यातले निम्म्याहून अधिक बॅगच खाते, आणि बॅटरी काढून हातात घ्यावी लागते ती वेगळीच. युरोप-अमेरिकेत हातातल्या बॅगेचे वजन अनेक कंपन्या करीतच नाहीत. तिथल्या प्रवाशासाठी बनलेली वस्तू इथल्या काट्यावर आली की तिचा हिशेबच बदलतो.

बॅटरीची कथा तर या धंद्याच्या मुळाशीच आहे. ‘ब्लूस्मार्ट’ नावाच्या कंपनीने २०१४ मध्ये लोकवर्गणीतून वीस लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी करून आपली स्मार्ट बॅग आणली. आत चार्जर, स्थान सांगणारे यंत्र, मोबाइलवरून उघडणारे कुलूप, वजनकाटा. लोकांनी भरभरून घेतली. तिच्यात एकच दोष होता: बॅटरी बाहेर निघत नसे. लिथियम बॅटरी बिघडली तर स्वतःच तापत जाते आणि पेटते; प्रवाशांच्या कक्षात पेटली तर कर्मचारी धावून विझवू शकतात, खाली सामानाच्या कप्प्यात पेटली तर तिच्यापर्यंत कुणी पोहोचत नाही. म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकन, डेल्टा आणि अलास्का या विमान कंपन्यांनी जाहीर केले की १५ जानेवारी २०१८ पासून बॅटरी न निघणारी स्मार्ट बॅग चालणार नाही. बाकीच्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. मे २०१८ मध्ये ब्लूस्मार्ट बंद पडली. त्याच महिन्यात ‘राडेन’ ही दुसरी कंपनीही गेली. ज्यांनी शेकडो डॉलर मोजले होते, त्यांच्या हाती विमानात नेता न येणारी बॅग उरली आणि दुरुस्तीची जबाबदारी घ्यायला कंपनीच राहिली नाही.

आज बहुतेक मोटारीच्या बॅगांची बॅटरी निघते, हा त्या धड्याचा फायदा. एअरव्हीलच्या लहान बॅगेतली बॅटरी ७३.२६ वॅट-तासांची आहे. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते, त्यावर मनाई. हा आकडा बॅटरीवर छापलेला असतो. तो पुसट असेल किंवा नसेलच, तर सुरक्षा तपासणीत ती काढून घेतली जाऊ शकते. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेल्या एअर बुसानच्या विमानाला वरच्या कप्प्यातून आग लागली. सारे प्रवासी वाचले, विमान जळाले. तपासात पॉवर बँकेवर संशय गेला आणि कोरियाने त्याच वर्षी मार्चपासून पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. लिथियमबाबत जगभरचे नियम कडक होत चालले आहेत. ते सैल होतील या आशेवर कुणी महागडी बॅग घेऊ नये.

कायद्याचीही एक बाजू आहे. जपानमध्ये अशी बॅग रस्त्यावर मोटारसायकलच्या कुळात धरली जाते. तिला परवाना लागतो. २०२४ मध्ये ओसाकात पदपथावर बॅग चालवणाऱ्या एका परदेशी महिलेवर विनापरवाना वाहन चालवल्याचे प्रकरण दाखल झाले, आणि कान्साईसह काही विमानतळांनी टर्मिनलमध्ये बॅगेवर बसू नका असे सांगितले. आपल्याकडे २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विजेच्या दुचाकीला परवाना लागत नाही. पण ती तरतूद सायकलवजा वाहनांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली. अंधेरी पूर्वेच्या पदपथावर, संध्याकाळी कामावरून सुटलेल्या माणसांच्या गर्दीत कुणी ताशी दहा किलोमीटरने बॅग हाकावी, हे परवान्याशिवाय शक्य असले तरी मला ते योग्य वाटत नाही. पायी चालणाऱ्याची जागा या शहरात आधीच फार थोडी आहे.

मग ही बॅग खरोखर कुणाला हवी? मला वाटते, ज्याला चालण्याचाच त्रास आहे त्याला. टर्मिनल २ सुमारे ४४ लाख चौरस फुटांचे आहे. फेब्रुवारी २०१४ पासून तिथून विमाने सुटतात. दारापासून शेवटच्या गेटपर्यंतचे अंतर गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला दमवणारे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यू यॉर्कहून पत्नीसह आलेले ऐंशी वर्षांचे एक प्रवासी याच विमानतळावर कोसळले आणि गेले. दोघांनीही चाकाची खुर्ची मागितली होती, मिळाली एकच. ती पत्नीला देऊन ते स्वतः चालत निघाले होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला. ही घटना मला विसरता येत नाही. विमानतळावर माणसाला नेणाऱ्या साधनाची गरज खरी आहे, आणि ती ज्यांना आहे त्यांना बॅगेवर तोल सांभाळत, अंगठ्याने वेग आवरत बसणे जमणार नाही. त्यांना हवी आहे वेळेवर मिळणारी खुर्ची, ती ढकलणारा प्रशिक्षित माणूस आणि बॅटरीवर चालणारी गाडी. हे काम विमान कंपनीचे आणि विमानतळाचे आहे. प्रवाशाने खिशातून बॅग घेऊन ते भरून काढावे अशी अपेक्षा चुकीची आहे.

‘स्मार्ट’ या कुळातली एक वस्तू मात्र मी आनंदाने सुचवीन, आणि ती बॅगेला जोडूनही येत नाही: नाण्याएवढा ट्रॅकर. ॲपलचा एअरटॅग एप्रिल २०२१ मध्ये आला, अँड्रॉइड फोनसाठीही असे ट्रॅकर आता मिळतात. आतली घड्याळातल्यासारखी छोटी बॅटरी नियमाच्या मर्यादेत बसते, त्यामुळे तो खाली टाकायच्या बॅगेतही ठेवता येतो. सामान हाताळणीची यंत्रणा चालवणाऱ्या ‘सीटा’ या संस्थेच्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगात दर हजार प्रवाशांमागे ६.३ बॅगा चुकल्या, उशिरा आल्या किंवा खराब झाल्या. २००७ मध्ये हा आकडा १८.९ होता. सुधारणा मोठी आहे, तरी आपली बॅग त्या सहांत निघाली तर काउंटरवर ‘ती दोह्यालाच राहिली आहे’ हे आपल्याला दाखवता आले पाहिजे. भरपाईचेही ध्यानात ठेवा: देशांतर्गत प्रवासात सामान हरवले वा मोडले तर विमान कंपनीची जबाबदारी साधारण २० हजार रुपयांपर्यंतच असते. त्याहून कितीतरी महाग बॅग त्या पट्ट्यावर सोडणे शहाणपणाचे नाही.

बॅगांच्या बाबतीत महाराष्ट्र काही पाहुणा नाही. व्हीआयपी ही मुंबईची कंपनी. तिचे काही कारखाने नाशिक जिल्ह्यात. सॅमसोनाइट ही मूळची अमेरिकेतल्या डेन्व्हरची, १९१० ची कंपनी, पण तिचा मोठा कारखाना नाशिकजवळ गोंद्याला आहे. सफारीचेही मुख्यालय मुंबईत. मुलुंडहून महामार्ग धरला की तीन-चार तासांत आपण अशा गावांत पोहोचतो जिथे देशातल्या लाखो बॅगांची कवचे साच्यातून निघतात. या उद्योगाकडून माझी अपेक्षा मोटारीची नाही. आपल्या पेव्हर ब्लॉकसाठी सात-आठ सेंटिमीटरची, बदलता येणारी चाके द्या. पावसाळ्यात गंजणार नाहीत असे बेअरिंग द्या. आणि घाटकोपर, बोरिवलीच्या बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे ती चाके सुटी मिळतील अशी सोय करा. बॅगेचे आयुष्य बहुधा चाकापाशी संपते. चाक बदलायला साडेतीनशे-चारशे रुपये लागले आणि ते तासाभरात झाले, तर दहा वर्षे टिकणारी बॅग मिळेल.

मोटारीची बॅग पुढे कधीच उपयोगी ठरणार नाही, असे मी म्हणत नाही. रिकाम्या बॅगेचे वजन साडेतीन-चार किलोवर आले, बॅटरी एका झटक्यात निघून खिशात बसली, आणि दुरुस्तीची सोय मुंबईत झाली तर हा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. मागोमाग येणारी बॅग तर दोन्ही हात मुलांत किंवा कुबड्यांत गुंतलेल्या माणसाला खरी मदत करू शकेल. आज या तीन अटींपैकी बॅटरीचीच अट पुरी झाली आहे.

तोवर, फिरतीवर असणाऱ्याने दुकानात जाऊन बॅग हातात उचलून पाहावी. अडीच किलोच्या आसपास वजन, चार दुहेरी चाके, धरून हलवल्यावर न खुळखुळणारा दांडा एवढे तपासावे. आत यूएसबीचे भोक असेल तर त्यामागची पॉवर बँक बाहेर निघते ना आणि तिच्यावर वॅट-तासांचा आकडा छापला आहे ना, हे बघावे. आणि आपल्या स्थानकाचे उद्वाहक बंद असेल, पुलाला उतार नसेल, तर रेल्वेकडे आणि आपल्या नगरसेवकाकडे लेखी तक्रार जरूर करावी. ती करताना सोबत फोटो आणि तारीख द्या. अशा तक्रारींचा पाठपुरावा करणे सोपे जाते.